साडेत्रेसष्ट अंशांचा उजेड

मुंबईत गोवंडीला नटवर पारेख कंपाउंड नावाची वसाहत आहे. रस्ते रुंद करायचे होते, रेल्वेच्या रुळांलगतची जागा मोकळी करायची होती. त्यासाठी ज्यांच्या झोपड्या हटवल्या त्या कुटुंबांना इथे पक्की घरे मिळाली. सात-आठ मजली इमारती, 225 चौरस फुटांची खोली, आत स्वतःचा संडास, स्वतःचा नळ, विजेचे मीटर. कागदावर पाहिले तर झोपडीतून थेट फ्लॅटमध्ये. पण एका इमारतीपासून दुसरी इमारत जेमतेम तीन मीटरवर उभी आहे. तळमजल्याच्या घरात भर दुपारी ट्यूबलाइट लावल्याशिवाय तांदूळ निवडता येत नाहीत. खिडकी आहे, मात्र ती उघडी ठेवली तर मधल्या बोळात साठलेल्या कचऱ्याचा वास येतो, डास येतात, उंदीर येतात, आणि समोरच्या घरातला माणूस थेट आपल्या स्वयंपाकघरात बघतो. म्हणून ती बंदच असते. काहींनी तिच्यापुढे कपाट ठेवले आहे.

याच वसाहतीत, शेजारच्या लल्लूभाई कंपाउंडमध्ये आणि मानखुर्दच्या पीएमजी कॉलनीत 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने आणि आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी मिळून घरोघरी पाहणी केली. पहिल्या दोन वसाहतींत शंभरातल्या आठ ते दहा घरांमध्ये क्षयाचा रुग्ण आढळला. पीएमजी कॉलनीत हे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास होते. तिन्ही वसाहती पुनर्वसनाच्याच. तिथली माणसे साधारण सारख्याच कमाईची, बहुतेक सगळी कुठून ना कुठून उठवून आणलेली. मोठा फरक होता तो इमारतींच्या रचनेत आणि त्यांच्यामधल्या मोकळ्या जागेत. संशोधकांनी संगणकावर या इमारतींचे नमुने उभे करून वारा कुठून शिरतो, ऊन कुठपर्यंत पोचते याचा हिशेब मांडला, तेव्हा खालच्या मजल्यांना दोन्ही गोष्टी नावापुरत्याच मिळतात हे दिसून आले.

एका पाहणीवरून सगळे सिद्ध होत नाही, हे मान्य. क्षयामागे कुपोषण असते, मधुमेह असतो, दारू-तंबाखू असते, अर्धवट सोडलेले औषधोपचार असतात. पण या आजाराचे जंतू पसरतात कसे हे ज्याला ठाऊक आहे, त्याला गोवंडीचे आकडे वाचून आश्चर्य वाटणार नाही.

क्षयाचा रुग्ण खोकतो, शिंकतो, नुसता मोठ्याने बोलतो, तेव्हा तोंडातून बारीक तुषार उडतात. मोठे थेंब लगेच खाली बसतात. बारीक थेंबांतले पाणी क्षणात सुकते आणि जंतू असलेला इवलासा कण हवेत तरंगत राहतो, बंद खोलीत कित्येक तास. रुग्ण कामावर निघून गेला तरी त्याने सोडलेली हवा मागे असते. 1950 च्या दशकात अमेरिकेत बाल्टिमोरच्या एका इस्पितळात रिचर्ड रायली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे फार सोप्या रीतीने दाखवून दिले. क्षयाच्या वॉर्डातली हवा नळ्यांमधून वर गच्चीवर नेली आणि तिथे पिंजऱ्यांत गिनिपिग ठेवले. त्या प्राण्यांनी रुग्ण पाहिलाही नव्हता. त्यांच्यापर्यंत पोचत होती ती केवळ हवा. तरीही त्यांना क्षय झाला. दुसऱ्या गटाकडे जाणाऱ्या हवेवर वाटेत अतिनील किरण सोडले होते. तो गट वाचला.

म्हणजे उपाय दोन: हवा बदलत ठेवा, नाहीतर ऊन आत येऊ द्या. दोन्ही फुकट मिळणाऱ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही येतात खिडकीतून. 2007 साली पेरू देशातल्या लिमा शहरातल्या इस्पितळांची पाहणी प्रसिद्ध झाली. उंच छत आणि मोठ्या खिडक्या असलेल्या जुन्या वॉर्डांत दारे-खिडक्या उघडल्या की तासाभरात खोलीतली हवा सरासरी चाळीस वेळा बदलत होती. नव्या वॉर्डांत सतरा वेळा. यंत्राने हवा खेळवणाऱ्या खास खोल्यांत फक्त बारा वेळा. जुन्या काळच्या बांधकामाने विजेचे बिल न वाढवता आजच्या यंत्रांवर मात केली होती.

आता गोवंडीच्या घरातली रात्र पाहू. खोली वीस-एकवीस चौरस मीटरची. नवरा-बायको, दोन मुले, सासूबाई. दहा वाजता दार लावले जाते, खिडकी आधीच बंद असते. डास असतातच, म्हणून कोपऱ्यात कॉइल पेटते. अशी एक कॉइल जळताना जेवढे सूक्ष्म कण हवेत सोडते ते 75 ते 137 सिगारेटींच्या धुराएवढे असतात, असे 2003 मधल्या एका अभ्यासात मोजले गेले आहे. सकाळी सहापर्यंत पाच जण हीच हवा पुन्हापुन्हा श्वासात घेतात. पाचांपैकी एकाला क्षय असेल आणि अजून निदान झालेले नसेल, तर उरलेल्या चौघांना रोज रात्री आठ तास त्याची बाधा होण्याची संधी मिळते. दिवसा नवरा कामावर जातो, मुले शाळेत जातात. घरात उरतात सासूबाई आणि सून. घराच्या बांधणीतला प्रत्येक दोष सर्वात जास्त तास बाईच्या अंगावर पडतो. घरे आखणाऱ्यांनी हा हिशेब कधी मांडल्याचे माझ्या वाचनात नाही.

यातले काहीच नवे नाही, याचा मला सर्वात जास्त राग येतो. उजेड आणि हवा किती लागते, त्यासाठी दोन इमारतींमध्ये किती जागा सोडावी लागते, हे मुंबईला शंभर वर्षांपूर्वी माहीत होते.

सप्टेंबर 1896 मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी प्लेगचे रुग्ण ओळखले. हे डॉक्टर मूळचे गोव्यातल्या हडफडे गावचे. मांडवी म्हणजे धान्याची गोदामे, त्यांच्यावर माणसांच्या खोल्या, आणि दोन्हींत मोकळेपणी वावरणारे उंदीर. साथ पसरली तशी निम्मी मुंबई गावाकडे पळाली. सरकारचा समज असा, की प्लेग घाणीतून आणि कोंदट हवेतून होतो. त्यामुळे गटारे धुतली, भिंतींना चुना फासला, अंधाऱ्या खोल्यांवरची कौले काढून ऊन आत सोडले, आणि घरांच्या दारांवर 'यूएचएच' ही अक्षरे रंगवली. अर्थ असा, की हे घर माणसाने राहण्यास अयोग्य आहे. राहायचे कुठे, ते मात्र लिहिलेले नव्हते. 1898 मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखवले, की प्लेग उंदरावरच्या पिसवांमुळे पसरतो. तोवर घरे पाडण्याची यंत्रणा उभी राहिली होती.

त्याच वर्षी बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. कारण चुकीचे धरले होते, पण त्यातून निघालेले एक काम मात्र खरे ठरले. दाटीची वस्ती फोडून रुंद रस्ते काढणे आणि दादर-माटुंग्याकडे नव्या वसाहती आखणे हे ट्रस्टने हाती घेतले. महंमद अली रोड आणि प्रिन्सेस स्ट्रीट हे त्यातलेच, आणि दादरच्या हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी या वसाहतीही. ट्रस्टने जेवढ्या खोल्या पाडल्या तेवढ्या गरिबांसाठी बांधल्या नाहीत. उठवलेली माणसे शेजारच्या चाळीत आणखी दाटीने राहू लागली. हे त्याच काळात ट्रस्टच्या तोंडावर बोलले गेले आणि ते खरे होते. ट्रस्टने बांधलेल्या बीआयटी चाळी परळ, माझगाव, आग्रीपाडा इथे अजून आहेत. परळच्या अशाच एका चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1912 ते 1934 ही वर्षे काढली.

जेम्स पीटर ऑर हे या ट्रस्टचे अध्यक्ष होते. प्रत्येक राहत्या खोलीला किती आकाश दिसले पाहिजे, हा प्रश्न त्यांनी भूमितीत बसवला. इंग्लंडात 45 अंशांचा दंडक आदर्श मानला जाई: खिडकीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेघ ओढली, तर तिचा चढ 45 अंशांपेक्षा जास्त नको. मुंबईत सूर्य पुष्कळ वर चढतो, त्यामुळे इथे थोडी सूट देता येईल, असे ऑर यांचे म्हणणे. त्यांनी साडेत्रेसष्ट अंश धरले. या आकड्याचे गणित सोपे आहे. त्या कोनात उंची अंतराच्या बरोबर दुप्पट होते. समोरची इमारत 12 मीटर उंच असेल, तर मधे 6 मीटर मोकळे हवे. गवंड्यालाही दोरीने मोजून पाहता येईल असा हा नियम होता. हिंदू कॉलनीच्या गल्लीतून चालताना तीन मजली इमारतींवर अजूनही झाडांची सावली आणि तिच्यामधून ऊन पडते, त्यामागे कुणाची सौंदर्यदृष्टी जेवढी आहे तेवढाच हा हिशेबही आहे.

नटवर पारेखच्या इमारतीला हा नियम लावून पाहा. उंची 24 मीटर धरली, तर ऑर यांच्या मते मधे 12 मीटर मोकळे हवेत. देशाची राष्ट्रीय इमारत संहिता त्याहून सैल आहे. या उंचीच्या इमारतींसाठी ती साधारण उंचीच्या एक तृतीयांश जागा मागते, म्हणजे 8 मीटर. प्रत्यक्षात सोडले आहेत 3 मीटर. तळमजल्यावरच्या बाईने खिडकीतून वर पाहिले, तर तिची नजर जवळजवळ 83 अंशांनी वर गेल्यावर आकाशाची पट्टी दिसू लागते. पावसाळ्यात भिंत ओली होते ती दिवाळीपर्यंत वाळत नाही. बुरशी येते, आणि ज्या मुलाला दमा आहे त्याचा पंप संपत राहतो.

हे अंतर कमी झाले कसे? गरिबांना घर फुकट द्यायचे आणि सरकारच्या तिजोरीला हात लावायचा नाही, असे सूत्र 1990 च्या दशकात ठरले. बिल्डरने पुनर्वसनाची घरे बांधून द्यायची. मोबदल्यात त्याला विकण्यासाठी बांधकामाचा हक्क मिळणार, त्याच जागेवर किंवा टीडीआरच्या, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्कांच्या, रूपाने दुसरीकडे. या व्यवहारात पुनर्वसनाच्या इमारतीभोवती सोडलेला प्रत्येक मीटर म्हणजे कुणाचे तरी नुकसान. त्यामुळे नियमांतच सवलत घातली गेली. घराचे क्षेत्रफळ वाढावे म्हणून मोर्चे निघाले, ते 225 वरून 269 आणि पुढे 300 चौरस फुटांवर गेले, आणि तो लढा योग्यच होता. पण भिंतीबाहेरच्या जागेसाठी कुणी मोर्चा काढला नाही. दाराला कुलूप लावता येईल तेवढेच घर आपले, ही समजूत आपल्यात खोल रुजली आहे. बिल्डरला ती पथ्यावर पडते.

दाटीचा परिणाम मुंबईने याआधीही आकड्यांत पाहिला आहे. 1921 साली शहरात एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांतला बालमृत्यूचा दर, नोंदींप्रमाणे, हजारी आठशेच्या वर होता. तीन-चार खोल्यांच्या घरांत तो त्याच्या पाव हिश्श्याइतका किंवा त्याहून कमी. या आकड्यांत एक गफलत आहे. अनेक गिरणी कामगारांच्या बायका बाळंतपणाला कोकणात किंवा घाटावर जात, जन्माची नोंद तिकडे होई आणि मूल मुंबईत दगावले की मृत्यूची नोंद इथे. ही गफलत वजा केली तरी उरते ते पुरेसे भयानक आहे. शंभर वर्षांनी, जुलै 2020 मध्ये, महापालिका, नीती आयोग आणि टीआयएफआर यांनी मुंबईच्या तीन वॉर्डांत करोनाच्या प्रतिपिंडांची चाचणी केली. झोपडपट्टीत 57 टक्के लोकांना लागण होऊन गेलेली होती, बिगर-झोपडपट्टीत 16 टक्के लोकांना. तेच वॉर्ड, तोच महिना. 'अंतर राखा' हा आदेश पाळायला आधी अंतर असावे लागते; चाळीस घरांना मिळून एक संडास असला, की ते पहाटेच्या रांगेतच संपते.

शहराबाहेर या प्रश्नाचे रूप वेगळे. गावाकडच्या जुन्या घरांत स्वयंपाकघर अंधारे असे आणि चुलीचा धूर भरपूर. पण कौलांच्या फटींतून तो वर निघून जाई, उंच आढ्याखाली त्याला जागा मिळे. आता त्याच ठिकाणी सिमेंटचे घरकूल येते. स्लॅब खाली, खिडकी एक, आणि गॅस सिलिंडरचे पैसे हाताशी नसले की चूल पुन्हा पेटते, ती याच बंद डब्यात. पक्के घर मिळाले, पण धुराला वाट राहिली नाही. पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासह 2009 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडले, की सीओपीडी या फुप्फुसांच्या चिवट आजाराच्या रुग्णांपैकी 25 ते 45 टक्के लोकांनी आयुष्यात कधी विडी-सिगारेट ओढलेली नसते. त्यात चुलीपुढे आयुष्य गेलेल्या बाया मोठ्या संख्येने आहेत. घरकुलाच्या नकाशात चुलीच्या वर एक धुराडे आणि समोरासमोर दोन झरोके दाखवायला किती खर्च येतो? घराच्या एकूण किमतीत तो लक्षातही येणार नाही.

घराला ऊन-वारा भरपूर असला तरी परिसर घात करू शकतो. त्याचे उदाहरणही मुंबईतच आहे. तानसा जलवाहिनीलगतच्या कुटुंबांना चेंबूरजवळच्या माहुलला हलवले. समोर तेलशुद्धीकरण कारखाने, रसायनांच्या टाक्या. इथल्या हवेतून रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे, असे राष्ट्रीय हरित लवादाने 2015 मध्येच नोंदवले होते. तरी माणसे तिथे पाठवली गेली. खोकला, त्वचेचे विकार, डोळ्यांची जळजळ यांच्या तक्रारी घेऊन लोक रस्त्यावर बसले. अखेर 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले, की या कुटुंबांना दुसरीकडे राहता यावे म्हणून सरकारने दरमहा 15,000 रुपये भाडे आणि 45,000 रुपये अनामत द्यावी. घर कुठे दिले हा आरोग्याचा प्रश्न आहे, हे एका न्यायालयाने रुपयांत मोजून दाखवले. माझ्या मते या प्रकरणातली ही सर्वात महत्त्वाची घटना आहे.

उष्णतेबद्दल आणि पाण्याबद्दल थोडक्यात. पत्र्याच्या छपराखाली उन्हाळ्यात रात्री अकरा वाजतादेखील झोप लागत नाही, कारण दिवसभर तापलेला पत्रा आणि भिंती उष्णता आतच सोडत असतात. छपराला पांढरा रंग किंवा चुना लावल्याने आतले तापमान काही अंशांनी उतरते, हे अहमदाबादच्या वस्त्यांत करून पाहिलेले आहे. नळाला दिवसातून तासभरच पाणी येत असेल तर पिंप भरून ठेवावेच लागते, आणि उघड्या पिंपात डेंग्यूचा एडिस डास अंडी घालतो. पिंपावर झाकण ठेवा, अशी सूचना देणारा कर्मचारी आणि पाणी अपुरे देणारी व्यवस्था एकाच इमारतीत बसतात.

गोवंडीत ज्या इमारती उभ्या राहिल्या त्या आता सरकवता येणार नाहीत. तिथे करण्यासारखे आहे ते लहान, पण खरे आहे. मधला बोळ रोज साफ झाला आणि वरून कचरा टाकणे थांबले, तर खिडकी उघडता येते. खिडकीला बारीक जाळी बसली तर कॉइल लागत नाही. मोरीत एक्झॉस्ट पंखा बसवून दाराच्या वर झडप ठेवली तर रात्रीही हवा थोडी हलते. बोळाच्या भिंतींना पांढरा रंग दिला तर जो काही उजेड खाली येतो तो जास्त उपयोगी पडतो. आणि दोन आठवड्यांहून जास्त खोकला असलेल्या माणसाची थुंकी तपासून औषध सुरू झाले, तर काही आठवड्यांत त्याच्यापासून इतरांना असलेला धोका पुष्कळ कमी होतो. खिडकी नसलेल्या घरात ही घाई दुप्पट करायला हवी.

नव्या इमारतींचे मात्र अजून हातात आहे. मुंबई-ठाणे-पुण्यात आज गल्लोगल्ली जुन्या सोसायट्या आणि वस्त्या पुनर्विकासाला निघाल्या आहेत. सभांमध्ये कार्पेट एरिया, कॉर्पस फंड, पार्किंग, ट्रान्झिटचे भाडे यांवर रात्री बारापर्यंत वाद होतात. तिथे आर्किटेक्टकडून आणखी एक कागद मागावा: दोन इमारतींमधून काढलेला उभा छेद, उंची आणि मधले अंतर लिहिलेला. उंचीला अंतराने भागावे. उत्तर दोन आले, तर इमारत ऑर यांच्या कसोटीला उतरली. तीन आले, तरी निभावेल. आठ आले, तर तळमजल्याच्या आणि पहिल्या मजल्याच्या घरांत कोण राहायला जाणार आहे, त्यांची नावे त्याच सभेत वाचून दाखवायला सांगावीत आणि मगच सहीचा विषय घ्यावा.